समासातली ओळ

दीदिमो आन्चुंदियांना जाऊन आज नऊ दिवस झाले, नवव्या दिवसाची जपमाळ झाली. माणसं कॉफी पिऊन गेली, शेजारून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, आणि मी स्वयंपाकघरातल्या मेजावर वही उघडून बसलेय. या वहीत एरवी मी बाजार, औषधं आणि कोणासाठी प्रार्थना केली एवढंच लिहिते. आज त्यांच्याबद्दल लिहिते. दुसरीकडे कुठेच त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

दीदिमो माझ्या थोरल्या मुलाचे धर्मपिता. म्हणून ते माझे कोम्पाद्रे आणि मी त्यांची कोमाद्रे. पन्नासहून जास्त वर्षं आम्ही एकमेकांना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्यांचा धंदा रोकोलाचा. सुक्रेचं नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजवणारी पेटी तेव्हा आमच्या तोसाल बंदरापासून डोंगरातल्या गावांपर्यंत प्रत्येक गुत्त्यात असायची. त्या पेट्यांच्या सुया बदलायच्या, जुन्या तबकड्या काढून नव्या घालायच्या, हे त्यांचं काम. पेट्या नेमक्या रविवारी बिघडायच्या, कारण शनिवारी रात्री माणसं त्यांना लाथा घालायची. त्यामुळे कोम्पाद्रे रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, कधीच नसायचे. मी बोलायची. ते म्हणायचे, "कोमाद्रे, तुम्ही दोघांचं मिळून गुडघे टेका, मी दोघांचं मिळून हातोडा मारतो."

ओब्दुलिया पिलिग्वा मिठागरावरच्या गुत्त्यात गायची. पुढे सगळा किनारा तिला 'तोसालची पारवी' म्हणायला लागला, पण आधी ती दीदिमोंची ओब्दुलिया होती. सहासष्ट साली ती गाण्याची तबकडी भरायला ग्वायाकील शहरात गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "सुई बदलू नकोस, मी आलेच." दीदिमोंनी लग्न केलं नाही. बंदरावरचे टवाळ म्हणायचे, "दीदिमोची सुई अजून तिथंच अडकलीय." ते स्वतःही हसायचे.

त्यांना ठाऊक नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात फादरनी वेदीवरून तीन रविवार ओळीने वाचून दाखवलं होतं, की या चर्चची कन्या ओब्दुलिया पिलिग्वा ग्वायाकीलच्या वेलिंग्टन रोन्कियोशी लग्न करणार आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. तिन्ही रविवार दीदिमो चोने गावाकडे पेट्या दुरुस्त करत होते. पहिल्या रविवारी वाटलं, दुसरं कोणीतरी सांगेल. तिसऱ्या रविवारी सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मग वर्ष गेलं, दहा वर्षं गेली, आणि सांगायची वेळच निघून गेली. एक्क्याऐंशी साली ओब्दुलिया ग्वायाकीलच्या रुग्णालयात वारली, तेव्हा तर कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हातारपणी पेट्या संपल्या. दीदिमोंना पुतणीने संगणक दिला आणि त्यांना तो ज्ञानकोश सापडला, इंटरनेटवरचा, ज्यात कोणीही लिहू शकतं. ओब्दुलियाचं पान तिथे होतं, जेमतेम चार ओळींचं. त्यांनी ते चाळीस ओळींचं केलं. कोणती तबकडी कधी आली, कुठे पहिल्यांदा वाजली, त्यांना तोंडपाठ. पण तिथला नियम असा की आठवण चालत नाही. प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो, तोही छापील, आणि कोणालाही काढून बघता येईल असा. कोम्पाद्रे आधी चिडले, मग त्या नियमाच्या प्रेमातच पडले. जुनी वर्तमानपत्रं धुंडाळायला पोर्तोव्हिएहोच्या वाचनालयात जाऊन बसायचे. माझ्याकडे विचे, म्हणजे मासे-शेंगदाण्याचं कालवण, खायला आले की चमचा हातात धरून शिकवायचे, "तुमचा सांत आन्तोनियो हरवलेली वस्तू शोधून देतो म्हणता ना? पुरावा दाखवा."

त्याच पानावर एक ओळ होती: 'ती शेवटपर्यंत अविवाहित राहिली.' ती कोम्पाद्रेंनीच घातली होती, तिच्या तबकडीच्या वेष्टनावर छापलं होतं त्या आधाराने. वेष्टनावर काय, कंपन्या गायिकांना कायम कुमारीच ठेवायच्या.

मागल्या वर्षी ग्वायाकीलच्या कोणीतरी लिहिलं की ओब्दुलिया ग्वायाकीलला जन्मली. कोम्पाद्रे लालबुंद होऊन माझ्या दारात आले.

"ग्वायाकीलला! तिची नाळ या वाळूत पुरलीय आणि म्हणे ग्वायाकीलला! मी चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पुस्तक बघायला चाललोय."

माझ्या हातातली कढई तशीच राहिली. त्या पुस्तकात आणखी काय सापडेल ते त्यांना माहीत नव्हतं, पण मी तीस वर्षं चर्चची फुलं करतेय, मला ती पुस्तकं माहीत आहेत. माणूस कुठेही लग्न करो, तिथून त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतात आणि इथे त्याच्या नावापुढे समासात ते लिहितात.

"उद्या जा," मी म्हटलं.

"आज."

"मग मी येते."

चर्चच्या कार्यालयात सोइला बसते. जीभ तिची लिंबासारखी, मन साखरेचं. "काय दॉन दीदिमो, शेवटी देवाच्या घरी आलात. पेटी बिघडलीय का आमची?"

"तुमची पेटी नाणं टाकलं तरी वाजत नाही, बाई. त्रेचाळीसचं पुस्तक काढा."

सोइलाने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ठाऊक होतं, तिच्या आईने सांगितलेलं. तिने पुस्तक आणलं, मी पुढे होऊन पान उघडलं आणि समासावर पंजा ठेवला. अख्खा पंजा, जसं काही पान वाऱ्याने उडणार होतं.

ते चष्मा पुसून वाचू लागले. "ओब्दुलिया मारिया... तोसाल बंदर... बघा! इथलीच!" लहान मुलासारखे हसले. पेन्सिलीने पुस्तकाचा क्रमांक, पानाचा क्रमांक उतरवला. मग म्हणाले, "कोमाद्रे, हात काढा. समासही बघायचा असतो."

"समासात काही नाही."

"पुरावा दाखवा."

मला हात उचलवत नव्हता. त्यांनीच माझी बोटं एकेक करून बाजूला केली, हळूच, मासळीचा काटा काढावा तशी. वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोणाकोणाला माहीत होतं?"

सोइला खिडकीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तीन रविवार वाचलं होतं, कोम्पाद्रे."

"रविवार," ते म्हणाले. "बरोबर. मी चोनेत होतो."

पेन्सिलीने त्यांनी तेही उतरवलं. तारीख, नवऱ्याचं नाव, सगळं.

घरी जाऊन त्यांनी त्याच दिवशी ज्ञानकोशातलं पान बदललं, तिचं लग्न त्यात घातलं. दोन दिवसांनी कितोच्या कोणा माणसाने लग्नाची ओळ काढून टाकली आणि जुनी पुन्हा घातली. चर्चमधलं हाताने लिहिलेलं पुस्तक इतरांना तपासता येत नाही, छापील काही द्या, असं त्याने लिहिलं. जन्मगाव मात्र राहिलं, ते एका जुन्या वर्तमानपत्रात सापडलं होतं.

मला वाटलं, देवानेच केलं. सगळं होतं तसं झालं. मी माशाच्या सारणाचे कोर्विचे तळून त्यांच्याकडे नेणार, तेवढ्यात तेच आले.

"कोमाद्रे, तुम्ही चर्चची छापील पत्रकं ठेवता ना? सांत आन्तोनियोच्या मूर्तीखालच्या पेटीत?"

"ठेवायची. वाळवी लागली."

"तुमच्या घरात वाळवीची शिरायची हिंमत आहे का? तिलाही जपमाळ म्हणायला लावाल. एकोणसत्तरचा डिसेंबर बघा."

मी खुर्चीत बसले. "राहू द्या ना, कोम्पाद्रे. त्या माणसाने जुनी ओळ परत घातलीय. आम्ही कोणी काही बोलणार नाही. ती ओळ तुमची आहे."

ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "ती गेली तेव्हा मला चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून रोज वाटतं, त्या रुग्णालयात तिच्या उशाशी कोणी नव्हतं. माझ्यापायी ती एकटी राहिली आणि मी साधा बसमध्येसुद्धा बसलो नाही. अडतीस वर्षं, कोमाद्रे. तिच्याजवळ कोणीतरी होतं. होतं ना? तेवढं लिहिलेलं राहू द्या."

मी पेटी उघडली. पत्रक तिसऱ्याच गठ्ठ्यात होतं. 'आपल्या चर्चच्या कन्येचा विवाह संपन्न', दोन ओळी, कडेला छापील फुलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, नव्या तबकडीसारखं, कडांवर बोटं ठेवून. जाताना म्हणाले, "तुम्ही तरी सांगायचं होतं." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला झोप लागली असती.

ती ओळ यावेळी टिकली. त्या पानाखाली पाचव्या क्रमांकाला आमचं पत्रक आहे. पुढे त्यांनी ज्ञानकोशात काही लिहिलं नाही. माझ्याकडे जेवायला यायचे, पण पुरावा मागायचं बंद केलं. पाऊस संपता संपता त्यांची छाती कफाने भरली. शेवटचे तीन दिवस मी त्यांच्या उशाशी होते. त्यांनी मला दोनदा ओब्दुलिया म्हणून हाक मारली आणि मी दोन्ही वेळा ओ दिली. हे पाप असेल तर देवाने माझ्या नावावर लिहावं.

आज जपमाळेनंतर सोइला म्हणाली, "रविवारच्या पत्रकात त्यांच्या मिस्साची ओळ छापायचीय. काय लिहू?"

"लिही, ज्यांनी ओब्दुलिया पिलिग्वाची वाट पाहिली."

सोइलाने लेखणी उचलली, मग खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते. "ते असते तर काय म्हणाले असते, सांगू?"

मला माहीत होतं. तेव्हा फक्त नाव, वय आणि 'रोकोला दुरुस्त करणारे' एवढंच द्यायचं ठरलं. रविवारी पत्रक आलं की मी ते मूर्तीखालच्या पेटीत ठेवीन. बाकीचं या वहीत आहे, आणि वही छापील नाही.