कुंकू लावलेल्या डिस्क

माझा मित्र विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागला होतो, आणि त्याच्या तेराव्याहून परतलो त्याच आठवड्यात मला विनायकची मेल आली. नाव त्याचं, पत्ता त्याचा. अंगावर काटा आला... उघडली, तर श्रीवर्धनच्या त्याच्या स्टुडिओतलं मशीन कळवत होतं की चारपैकी एक डिस्क गेली. काही बिघडलं तर मशीनने त्याच्या नावाने मलाही कळवावं, ही सोय त्यानेच करून ठेवली होती. मला विचारलं नव्हतं. विचारायची त्याला सवयच नव्हती.

विनायक लग्नांचं शूटिंग करायचा. चक्रीवादळात गावातले पत्रे उडाले, अल्बम भिजून लगदा झाले, आणि लोक त्याच्याकडे कॉपी मागायला आले. त्याच्याकडेही निम्म्याच निघाल्या. ते त्याला फार लागलं. मग मला हाताशी धरून तो लिनक्स शिकला आणि त्याने चार डिस्क एकत्र बांधल्या, अशा की एक गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं नव्या डिस्कवर परत लिहितील. ती नवी भरून होण्याआधी दुसरी गेली, तर मात्र सगळंच गेलं. चारही त्याने वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या. एका घाण्यातल्या एकदम मरतात, म्हणायचा. भरण्याचा वेग मी वाढवायला गेलो, तर हातावर चापट मारून म्हणाला, "घाई कसली? बाकीच्यांना धाप लागंल."

मी नवी डिस्क घेऊन श्रीवर्धनला पोचलो. त्याची बायको, सुरेखावहिनी, दारातच म्हणाल्या, "भावजी, यांचा धड एक फोटो न्हाय. कायम कॅमेऱ्याच्या मागं. आवाज तेवढा हाय त्या मशीनमधी. तो जाऊ देऊ नका."

मशीनकडून गेलेल्या डिस्कचा नंबर काढला, पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. दर दसऱ्याला विनायक मशीनची पूजा करायचा, आणि या शहाण्याने तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट प्रत्येक डिस्कवर ओढलं होतं ते नेमकं नंबराच्या चिठ्ठीवर. चुकून चांगली डिस्क उपटली की खेळ खलास. मी ओलं फडकं घेतलं आणि थांबलो, कारण त्या कुंकवात त्याच्या बोटाच्या रेषा दिसत होत्या...

दहाव्याला बायकांनी कितीही सांगितलं तरी वहिनींनी स्वतःचं कुंकू पुसू दिलं नव्हतं. आता त्यांनीच माझ्या हातातलं फडकं घेतलं. पहिली डिस्क पुसली, नंबर वेगळा. दुसरी पुसली, हवा तोच नंबर. उरलेल्या दोघींना त्यांनी मला बोटही लावू दिलं नाही.

नवी डिस्क भरत राहिली. वेग मी त्याचाच ठेवला. कुणीतरी खांद्यावरून स्क्रीन वाचतंय असं सारखं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी वळूनही पाहिलं. मला भीती वाटत होती, आणि तो तिथे असावा असंही वाटत होतं.

सगळं भरून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "लावा कायतरी." हाताला आलं ते हरिहरेश्वरच्या एका लग्नाचं न कापलेलं शूटिंग. वहिनी तेव्हा त्याच्याबरोबर लाइट धरायला जायच्या. मंडप, गर्दी, आणि कॅमेऱ्यामागून विनायकचा वैतागलेला आवाज, "सुरेखा, बाजूला हो गं. मधी येतीस."

माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी चटकन उठून बाजूला झाल्या.