न तुटलेली बोटं

जयनगरात आमच्या घरासमोर राहणाऱ्या अण्णांना मी लहानपणापासून ओळखते. तरीही ते दर रविवारी कुठं जातात, हे मला सत्तेचाळिसावं लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. सकाळी साडेसातला खांद्याला कापडी पिशवी अडकवून निघायचे आणि दुपारी तीनच्या सुमारास ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन परतायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "स्वल्प काम होतं." आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेली, आमच्या मराठीत 'थोडं'ची जागा 'स्वल्प'नं कधी घेतली, ते कुणालाच सांगता यायचं नाही. अण्णा बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, एवढं गल्लीला माहीत होतं. घरी करमत नसेल म्हणून जुन्या दोस्तांकडे जात असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी इंदिरानगरच्या एका ऑफिसात काम करते. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते आणि जी कुणी वाचत नाही, ती लिहिणं हे माझं काम. एकदा पॉवर प्रेसची पुस्तिका आली. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, दाबून त्याला आकार देणारं यंत्र. माणूस हातानं पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवतो, पायानं पेडल दाबतो आणि वरून ठोका पडतो. दिवसभर हेच. हात मागं घ्यायला क्षणभर उशीर झाला तर बोटं जातात. यंत्र चालताना पाहावं म्हणून मी बोम्मसंद्र्याच्या एका छोट्या शेडमध्ये गेले. तिथल्या प्रेसला लोखंडी जाळीचा सुबक पिंजरा होता आणि पत्रा आत सरकवायला एक उतरती पन्हळ. ऑपरेटरचा हात साच्यापर्यंत पोचतच नव्हता. मी विचारलं, हे यंत्राबरोबर आलं का?

"नाही मॅडम. जयनगरचे एक अण्णा आहेत, त्यांनी बसवलं. या रांगेत बहुतेक ठिकाणी त्यांनीच बसवलंय. रविवारी येतात."

पुढच्या रविवारी सकाळी मी अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिले. मलाही न्या, म्हटलं. ते मला तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. "तंगी, तिथं बसायला खुर्चीसुद्धा नसते," एवढंच म्हणाले. नको म्हणाले नाहीत.

त्या दिवशीची शेड नवी होती, मालक तिशीतला. अण्णांनी गार्डचा, म्हणजे तसल्या संरक्षक जाळीचा, विषय काढला तसा तो म्हणाला, "गार्ड लावला की माल कमी निघतो, अण्णा. आहे एक, तो बघा कोपऱ्यात." कोपऱ्यात खरंच एक जाळी धूळ खात पडली होती. अण्णांनी पिशवीतून एक गाजर काढलं, साच्यावर ठेवलं आणि पेडल दाबलं. अर्धं गाजर उडून मालकाच्या बुटाशी पडलं.

"आता तुमच्या मालाचं बघू," अण्णा म्हणाले.

मग ते एका उलट्या क्रेटवर ऑपरेटरच्या शेजारी बसले आणि जवळजवळ दोन तास नुसते त्याच्या हातांकडे बघत राहिले. उजवा हात किती आत जातो, डावा कशाला टेकतो, कोपर कुठं अडतं. नंतर त्यांनी पुठ्ठा कापून प्रेसभोवती एक खोटा गार्ड उभा केला आणि ऑपरेटरला तसंच काम करायला लावलं. त्याचं कोपर लागलं. पुठ्ठा काढला, पुन्हा कापला. मग पत्रा तिरका जायला लागला. पुन्हा कापला. चौथ्या खेपेला ऑपरेटर म्हणाला, "सरी, ठीक, आता बरं वाटतंय," तेव्हा अण्णांनी मापं लिहून घेतली. आठवड्यानं ते घरच्या मागच्या अंगणात भंगारातून तयार केलेला लोखंडी गार्ड घेऊन गेले. माल पहिल्याइतकाच निघाला. ऑपरेटरला तर आता मान न वाकवता काम करता येत होतं.

तेव्हाही मी बरोबर होते. परतताना बसमध्ये अण्णा म्हणाले, "गार्ड हाताच्या आड आला की माणूस तो काढून ठेवतो. मग सगळे म्हणतात, कामगार बेफिकीर. बेफिकीर गार्ड करणारा असतो, तंगी. त्यानं समोर बसून बघितलेलं नसतं."

आमच्या ऑफिसात दर जानेवारीत, पद्म पुरस्कारांची यादी आली की जेवणाच्या टेबलावर तेच बोलणं चालतं. वशिल्याशिवाय काही मिळत नाही. मोठेच आणखी मोठे होतात. मीही हे वर्षानुवर्षं डबा खाता खाता म्हणत आले. त्या वर्षी एक नवीन सहकारी सहज म्हणाली, "पण नाव कुणीही पाठवू शकतं ना? वेबसाइटवर अर्ज असतो." मी डब्याचं झाकण लावलं. कुणीही पाठवू शकतं, तर मी आजवर किती नावं पाठवली होती? एकही नाही.

नावं मागवायला सुरुवात झाली तशी मी अर्ज उघडला. माणसाच्या कार्याबद्दल आठशे शब्दांत लिहायचं होतं. आठशे शब्द म्हणजे माझा रोजचा व्यवसाय, पण मी अडकले. अण्णांकडं प्रमाणपत्र नाही, संस्था नाही, वर्तमानपत्रातलं एक कात्रण नाही. आणि लिहायचं ते काय? डॉक्टर सांगू शकतो, इतके रोगी बरे केले. शिक्षक सांगू शकतो, इतकी मुलं शिकवली. अण्णांचं सगळं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी. कुणाची बोटं वाचली हे त्या माणसालाही माहीत नसतं. तो संध्याकाळी दहा बोटांनी घरी जातो आणि त्याला त्यात विशेष काही वाटत नाही.

मी अण्णांना विचारलं. "नको," म्हणाले. मला वाटलं, भिडस्तपणा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, कॉफी टाकायला सांगितली आणि खुर्ची माझ्याकडं वळवून बसले.

"मी फोरमन असताना एकदा माल अडला होता," ते म्हणाले. "वरून रोज विचारणा. गार्डमुळं वेळ जातोय असं ऑपरेटर म्हणाला नाही, मी म्हणालो. माझ्या हातानं चार बोल्ट काढले आणि गार्ड बाजूला ठेवला. आठवड्यानंतर लावू, म्हटलं. पाचव्या दिवशी त्याची तीन बोटं गेली. उजव्या हाताची."

अक्का कॉफी घेऊन दारात थांबल्या होत्या. त्यांना हे सगळं माहीत असणार, तरी त्यांनी नजर खाली घातली.

"चौकशी झाली. ऑपरेटरची चूक, असं लिहिलं गेलं. मी सही केली." अण्णांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. "अर्ज पाठवायचाच असेल तर हे आधी लिही. नाहीतर पाठवू नकोस."

अण्णांकडून पत्ता घेऊन मी बोटं गेलेल्या त्या ऑपरेटरला भेटायला गेले. तो आता त्याच कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर आहे, पन्नाशीचा, शांत. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यानं मला स्टूल दिलं आणि स्वतः खोक्यावर बसला.

"ते माझ्याकडं आले होते," तो कन्नडमध्ये म्हणाला. "दवाखान्यात नाही. बऱ्याच महिन्यांनी, घरी. म्हणाले, सही खोटी होती. मग ऑफिसात जाऊन त्यांनी तसं लिहून दिलं. त्यांची बढती गेली, मला ही नोकरी मिळाली." मग तो म्हणाला, "मी त्यांना माफ केलं का, असं विचारू नका. ते मलाही नीट माहीत नाही. पण पहिला गार्ड केला तेव्हा त्यांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, तू बसून बघ, मला दिसणार नाही ते तुला दिसेल. मी बघितलं. दोन ठिकाणी चुकलं होतं, ते सांगितलं. अजूनही काही अवघड असलं की बोलावतात."

"मग अर्जात लिहू का?"

"लिहा. माझ्याबद्दलही लिहा. त्यांना मान मिळत असेल तर असाच मिळू दे, अर्धा झाकून नको."

मग त्यानं मी नेलेल्या संमतीच्या कागदावर डाव्या हातानं, सावकाश, सही केली. घरी येऊन मी आठशे शब्द लिहिले. पहिल्या परिच्छेदात काढलेले चार बोल्ट आणि खोटी सही, आणि पुढं सगळं: पुठ्ठा, पन्हळ, क्रेटवरचे ते दोन तास. इतक्या वर्षांच्या लिखाणात एखाद्या माणसाबद्दल मी पहिल्यांदाच लिहीत होते. पाठवताना एक भीती होतीच, की पहिला परिच्छेद वाचून कुणी पुढचं वाचणार नाही. पण अण्णांच्या अटीबाहेर जाणं मला जमलं नसतं.

पुढच्या जानेवारीत यादी आली. मी मोबाइलवर ती दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. अण्णांचं नाव नव्हतं. पहिल्या परिच्छेदामुळं, की कात्रणं नव्हती म्हणून, की त्या वर्षी त्यांच्याहून लायक माणसं होती म्हणून, हे मला कधीच कळणार नाही.

सकाळी समोर गेले तर अण्णा ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसलेले. त्यांना सांगायचं कसं, या विचारात मी होते. तेच म्हणाले, "ये तंगी, हे वाचून दाखव. अक्षरं फार बारीक आहेत." ती बातमी एका सुईणीची होती. कुठल्याशा डोंगराळ जिल्ह्यात जन्मभर पायी फिरून तिनं बाळंतपणं केली होती. मी वाचलं. अण्णांनी मध्येच थांबवलं. "पावसात वाटा बंद झाल्यावर काय करायची ते लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. "ते लिहायला हवं होतं," म्हणाले. मग खूश होऊन मान हलवली. "बरोबर बाईला दिलंय."

आपलं नाव नाही याबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, अण्णा, तुमचाही हक्क होता.

"असेल," ते म्हणाले. "पण ती यादी काढणाऱ्यांना बोम्मसंद्र्याची शेड कशी दिसणार? तुलाच सत्तेचाळीस वर्षं समोर राहून दिसली नाही."

ते हसत होते, म्हणून मलाही हसता आलं. पण ते खरं होतं. त्या दिवसापासून मी पुरस्कार चुकीच्या माणसांना जातात, असं सरसकट म्हणत नाही. काही जात असतीलही. पण त्या सुईणीचं नाव कुणीतरी बसून लिहिलं होतं, म्हणून ते दिल्लीपर्यंत पोचलं.

कॉफी झाल्यावर अण्णांनी विचारलं, "तू पाठवलेला कागद आहे का? वाच बघू."

मी मोबाइलवरून सगळा वाचला. बोल्टांच्या जागी ते स्थिर बसून राहिले. पुठ्ठ्याचा भाग आला तेव्हा पुढं सरकले. "हे दोन परिच्छेद पुन्हा वाच." वाचले. "हे चांगलं लिहिलंयस. नव्या माणसाला हे वाचून गार्ड करता येईल. माझं नाव काढ, माझी स्तुती काढ, आणि एवढंच एका कागदावर कन्नड आणि हिंदीत करून दे."

मग आम्ही तिघं त्या कामाला बसलो: अण्णा, मी आणि तो स्टोअरकीपर. त्यानंच सांगितलं की अक्षरं मोठी हवीत, आणि पहिली ओळ 'गार्ड लावा' अशी नको, 'आधी बसून हात बघा' अशी हवी. चित्रं अण्णांनी काढली. मी आजवर लिहिलेल्या पुस्तिकांपैकी भिंतीवर चिकटवली गेलेली ही पहिली. होसूर रोडवरच्या कितीतरी शेडमध्ये ती आता प्रेसच्या शेजारी असते. लिहिणाऱ्याचं किंवा शोधणाऱ्याचं नाव तिच्यावर नाही.

गेल्या महिन्यात सीमेपलीकडच्या, तमिळनाडूतल्या होसूरच्या एका कारखान्यातून अण्णांना फोन आला. तो कागद तमिळमध्ये मिळेल का, असं विचारत होते. अण्णांनी रस्ता ओलांडून येऊन आमची बेल वाजवली.

"तुझ्या ऑफिसात तमिळ येणारं कुणी आहे का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी विचारलं. दोघींनी हात वर केले.