एवारिस्तोचे कान

मेलेल्यांच्या सणात मी दरवर्षी आमच्या वाहाका शहरात रस्त्याकडेला स्टूल टाकतो आणि कवटीसारखे चेहरे रंगवून नाचणाऱ्यांची चित्रं काढतो. यंदा माझी बायको ओतिलियाच समोर येऊन बसली.

"एवारिस्तोंचं चित्र काढा. त्यांचा एकही फोटो नाही. मी सांगते तसं काढा."

एवारिस्तो म्हणजे तिचा पहिला नवरा. ती सांगू लागली. डोळे काय, हसू काय, खांदे काय! मेल्याला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बाईचे गाल लाल! कानांबद्दल ती काही बोलली नाही. मी सूड उगवला, चांगले सुपाएवढे काढले.

ती किंचाळलीच. "अगं बाई, हेच ते! कान अस्सेच होते, मीच लाजेनं बोलले नव्हते!"

घरी चित्र मेलेल्यांसाठी मांडलेल्या वेदीवर झेंडूच्या फुलांत बसलं. पुढे काळ्या रश्श्यातली कोंबडी, मेस्काल दारूचा पेला. मी रिकामं ताट घेऊन उभा.

"आणि मला?"

"आधी त्यांचं होऊ द्या. पहिला मान हवा असेल, तर मरावं लागतं."

मी वहीचं कोरं पान उघडलं आणि स्वतःचं चित्र काढायला बसलो. कान जरा मोठेच काढले.