टँकरखालची हिरवी माशी

चहा आला का सगळ्यांना? मग ऐका, नुसतं तोंड उघडून मी एका अख्ख्या वस्तीचं पाणी कसं घालवलं ते!

मला माश्यांचे फोटो काढायचा नाद. हो हो, माश्यांचेच! बायको म्हणते, "घरातली माशी हाकला म्हटलं तर ऐकू येत नाही, आणि रानातलीला भेटायला उन्हातान्हात जातात." मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे नादाला अभ्यास म्हणायची सोय आहे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. चितेगावच्या पुढे आडबाजूला एक धनगरवस्ती आहे. शिवारात फूल नाही, हिरवं पान नाही, माशी बसणार कुठे? ओल होती ती एकाच जागी: वस्तीच्या विहिरीत पाणी सोडायला येणाऱ्या टँकरच्या गळक्या नळाखाली. आणि त्या चिखलावर लांब पायांची, चमचमती हिरवी माशी! मी चाकाजवळ पालथाच पडलो.

ड्रायव्हर बबन धावत आला. "साहेब, कोन्त्या हापिसातून आलात?"

माशी उडेल म्हणून मी मानही वळवली नाही. "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. सगळं बारीकसारीक टिपतोय!"

पुढच्या रविवारी गेलो, तर माझ्यासाठी बाज टाकलेली, शेळीच्या दुधाचा चहा तयार. गयाबाई, वस्तीतली जाणती बाई, म्हणाली, "साहेब, येत जावा. काय बी करा, फकस्त टँकरपाशी बसा."

मला वाटलं, काय ही समज! ओल तिथे माशी, हे बाईंना न शिकवता कळलं. मी तर त्या दिवशी हंडे घेऊन थांबलेल्या बायकांना माशीचे डोळे कसे असतात यावर व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकलंही! वर्गातली पोरं कधी ऐकत नाहीत.

असे बरेच रविवार गेले; मधेच एखाद्या सुट्टीला अचानकही जाऊन यायचो. एकदा बबन हात जोडून जवळ आला. "साहेब, ते फोटू कुनाला दाखवता?"

इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं हो! मी कॅमेरा त्याच्या पुढ्यात धरला. "ही बघा मादी. हा नर. हे पाय बघा!" तो एकेक फोटो बघत गेला, तसतसा त्याचा चेहरा खुलत गेला. "नुसत्या माश्याच हायेत व्हय?" त्यानं दोनदा विचारलं. मी भारावलो. आणखी एक निसर्गप्रेमी तयार झाला!

पुढच्या वेळी विहिरीत सोडलेला पाइप लगेचच फुरफुरायला लागला. टँकर संपला. गयाबाई रिकामा हंडा घेऊन माझ्यासमोर उभी.

"काय दावलं तुमी त्याला?"

"माश्या."

ती मटकन बाजेवर बसली. "आवं, आर्धं पानी तो वाटंत इकायचा. तुमी कवा याल नेम नाय म्हनून रोज भरून आनत व्हता. तुमाला एवढं गप ऱ्हाता आलं नाय?"

लाज वाटली. परतताना पैठण रोडला नव्या इमारतीचे खांब दिसले, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. दर वेळी त्यांच्यासमोरूनच जात होतो. अशा दुष्काळात हे ओले कसे, हा प्रश्न मला पडला नव्हता. शहर आपल्याच बाजूला वाढतंय याचा आनंद तेवढा झाला होता.

म्हटलं, आता सोडायचं नाही. पुन्हा गेलो, टँकरसमोर ताठ उभा राहिलो आणि नंबर प्लेटवर कॅमेरा रोखला. चेहरा असा कडक केला की मीच घाबरलो असतो.

बबननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "सर, तिथं नाय हो! मागल्या चाकापाशी बसलीय. तुमच्यासाठी गाडी बी हलवली नाय."