उताराची सायकल

सायकल दिसली की ते तिच्या हँडलवर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा सगळा भार टाकायचे आणि म्हणायचे, "दबता काय बघूया." सायकल कुणाची, हा प्रश्नच नसायचा. पोस्टमनची असो, शाळेतल्या मुलीची असो, मासळीची टोपली बांधलेली असो. या साध्या सायकलींना दबणारे शॉकअप नसतातच, त्या आपल्या ताठ उभ्या. मग ते मान हलवायचे आणि पुढे निघायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल. लोक त्याला चक्रम म्हणतात आणि त्याच्यासाठी बाकड्यावर जागाही करून देतात.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात ते प्रतवारीच्या खोलीत कामाला होते. मी माझ्या पिकअपमधून गावोगावची काजू बी तिथे पोचवायचो, त्यातून ओळख झाली. पन्नाशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं, आई नुकतीच गेलेली. एक भाऊ मुंबईला. तो चतुर्थीला यायचा. घरचा गणपती दीड दिवसाचा. गणपती आणि भाऊ एकाच दिवशी परत जायचे.

आणि या गृहस्थांना डोंगरावरून खाली मारायची सायकल हवी होती! पुढे मोठे शॉकअप, मागे आणखी एक, तेलाचे डिस्क ब्रेक, जाड टायर. उतारावर ती दगडधोंड्यांतून सुसाट सुटते, पण इतकी जड की चढावर हातात धरून ढकलायचीसुद्धा पंचाईत. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की सगळ्यांची करमणूक व्हायची.

"चढ इल्यार काय करतलंस रे?"

"कोणतरी नेतलो मा वर," ते शांतपणे म्हणायचे.

कोण नेणार, हे कुणी विचारायचं नाही. मला मात्र ते ऐकून दर वेळी कसंतरी व्हायचं.

एकदा गाडी रिकामी होईपर्यंत त्यांनी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशी डोंगरावरून एकजण उड्या मारत येतो. तो भाग त्यांनी भराभर पुढे ढकलला. तळाशी पोचल्यावर पाच-सहाजण धावत येतात, त्याचं हँडल धरतात, पाठीत धपाटे घालतात. हे त्यांनी पुन्हा मागे नेऊन मला दोनदा दाखवलं.

तसली नवी सायकल घ्यायची तर त्या पैशांत जुनी चारचाकी आली असती. म्हणून एकतर फक्त पुढे शॉकअप असलेली साधी नवी घ्यायची, नाहीतर खरी उताराची, पण कुणीतरी वापरलेली. त्यांनी जुन्यांचा शोध घेतला. गिअर साधे चालतील, ब्रेक हलके चालायचे नाहीत, हा त्यांचा हिशेब. हेल्मेट तर सायकलीच्या वर्षभर आधी घेऊन ठेवलं होतं. तोंडही झाकणारं ते भलंमोठं हेल्मेट घालून ते घरात भात शिजवताना मी स्वतः पाहिलंय. "सवय व्हॉक व्हयी," म्हणाले.

जाहिराती बघून ते पुण्याला, बेळगावला, बेंगळुरूला फोन लावायचे. मग तिकडून फोन यायचे. "काका, काय ठरलं?" "काका, आणखी थोडे कमी करतो." हे पहिल्या घंटेला फोन उचलायचे, आणि विकणाऱ्याची वास्तपुस्त करून झाली की शेवटी म्हणायचे, "घाय नाय हां." अशी तीन-चार वर्षं गेली. पैसे तर कधीच साठले होते. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "अवो, घेवन टाका एकदा!"

"देवाक इचारतंय," ते म्हणाले.

आमच्याकडे लग्न, जमीन, बोअरवेल, सगळ्याला देवाचा कौल लागतो. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ते मला सोबत घेऊन गेले.

"सायकलीचो कौल? देवाक शॉकअपातला काय कळतला?" गुरव म्हणाला. पण नारळ ठेवलेला, त्यामुळे त्याने गाऱ्हाणं घातलं. पुण्याच्या एका पोराची जुनी सायकल होती, चौकटीला एक पोचा आलेली. ती घेऊ की थांबू, एवढंच विचारायचं होतं. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं, तोवर उजवी पाकळी टपकन पडली. मी खूश झालो, गुरवही हसला. यांचा चेहरा मात्र पडला. देवळाबाहेर चपला घालताना ते हळूच म्हणाले, "देवान घाय केल्यान."

मला तेव्हा काहीच समजलं नाही.

सायकल खोक्यातून बसने कुडाळला आली. एका रविवारी ती पिकअपमध्ये टाकून मी त्यांना फोंडाघाटाच्या वर नेलं. तिथून एक जुनी पायवाट खाली उतरते. त्यांना वर सोडून मी रस्त्याने खाली आलो आणि पायवाट संपते तिथे थांबलो. खूप वेळ गेला. मग झाडीतून ते आले, गुडघ्यापर्यंत लाल माती, एका कोपराला खरचटलेलं. ब्रेक करकचून दाबत माझ्यासमोर थांबले, पण उतरेनात. हेल्मेटमधून नुसते माझ्याकडे बघत बसले. क्षणभराने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुढे होऊन त्यांचं हँडल धरलं आणि पाठीत जोरात धपाटा घातला.

"आजून एकदा जावया?" ते म्हणाले. आम्ही गेलो.

पुढे काजू-आंब्याचे दिवस सोडले तर महिन्यातून एखादा रविवार आम्ही जायचो. बाकीचे रविवार ती सायकल पडवीत टेकलेली असायची आणि ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले.

"आता कोणाचो फोन येणा नाय," एकदा म्हणाले.

तर या माणसाने काय करावं? सायकल विकायला काढली! किंमत अशी लावली की कुणी शहाणा घेणार नाही.

"विकूची नाय, तर जाहिरात कित्याक?" मी विचारलं.

"इचारूक तरी कोणतरी येतलो."

फोन येऊ लागले. घ्यायला निघालेल्या माणसाला ते चौकटीतला पोचा इतका रंगवून सांगायचे की तो घाबरून नाद सोडायचा. टिकला एकच, इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, पाठीमागे यंत्रमागांचा खडखडाट. "थोडं कमी करा की ओ," तो म्हणायचा. "नाय परवडत," हे म्हणायचे. एवढा व्यवहार झाला की मग बांगडे कसे मिळाले, गुडघा कसा आहे, तिकडे पाऊस आहे का. आमचे गृहस्थ त्याच्याशी बोलताना शुद्ध मराठी बोलायला जायचे आणि मध्येच घसरायचे. ते ऐकायला मजा वाटायची.

गेल्या पावसाळ्यात कारखान्यातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मुंबईचा भाऊ आला, दिवस करून गेला. जाताना त्यांचा फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "तेवढी सायकल विकून टाका, मिळतील ते घ्या." त्याच संध्याकाळी फोन वाजला. मी इचलकरंजीच्या माणसाला सगळं सांगितलं. त्याने घराचा पत्ता तेवढा विचारून घेतला, पाठीमागे यंत्रमाग खडखडतच होते.

रविवारी तो एसटीने आला. केस पांढरे झालेला, हडकुळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी त्याला पडवीत नेलं. सायकल दाखवली आणि म्हणालो, "ते ज्या किमतीला अडून होते, तिच्या अर्ध्यात न्या. किंवा द्याल ते द्या." त्याने सायकलीला हातही लावला नाही.

"मला कुठली परवडती ओ असली सायकल?" तो म्हणाला. "आणि मी जायचो कुठं ती घेऊन?"

"मग इतके महिने भाव करत होतात ते?"

तो पायरीवर बसला. रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्यांनी किंमत कमी केली न्हाई, लई उपकार झाले. केली असती तर मला न्हाई म्हणून फोन ठेवावा लागला असता."