मम्मींनी चुकवलेलं १९११

माझे सासरे सुरेश ओव्हाळ यांना गप्प बसता येत नाही, अशी आमच्या घरात कायमची तक्रार होती. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये ते फिटर होते आणि रविवारी टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला लाउडस्पीकरवरून मराठीत कॉमेंटरी करायचे. मॅच कितीही रटाळ असो, त्यांचं बोलणं ऐकायला माणसं थांबायची. रिटायर झाल्यावर ते आणि सासूबाई आमच्याकडे सिंगापूरला, पुंगोलमध्ये राहायला आले. मी आणि माझी बायको प्रियदर्शिनी दोघंही नोकरी करतो, आमची मुलगी अवनी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. महिन्याभरात ब्लॉकखालच्या बाकावरचे सगळे म्हातारे सासऱ्यांना, म्हणजे आमच्या पप्पांना, ओळखायला लागले. त्यात चिनी होते, मलय होते, एक तमिळ जोडपं होतं. पप्पांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

त्यांचा आवडता विषय एकच, १९११. अखिल हिंदुस्थानचा म्हणून निवडलेला पहिला क्रिकेट संघ त्या वर्षी इंग्लंडला गेला. पप्पांना ही हकिकत त्यांच्या वडिलांनी सांगितली होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज, ते थोड्या मॅच खेळून लंडनच्या समारंभांत रमले. संघ मॅचमागून मॅच हरत गेला. अशा वेळी खांदा दुखत असताना डावखुऱ्या पालवणकर बाळूंनी दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. ज्यांना पुण्यात क्लबाच्या मैदानावर चहा वेगळ्या मातीच्या कपात, तंबूबाहेर मिळायचा, ते बाळू! हे सांगताना पप्पांचा आवाज चढायचा. मग खाली यायचा. "पुढं ते बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले. ते मला पटलेलं नाही, कधी पटणारही नाही. पण बोलिंग ती बोलिंग."

लतामम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, ही गोष्ट लग्न झाल्यापासून ऐकत होत्या. खरं म्हणजे ऐकत नव्हत्या. पप्पांनी सुरुवात केली की त्या भाजी निवडायला घ्यायच्या.

२०१६ च्या मार्चमध्ये एका सकाळी पप्पा फिरायला निघाले होते. दारात बूट घालता घालता ते थांबले. उजवा हात बुटाच्या नाडीवर नुसता पडून राहिला. प्रियदर्शिनीनं विचारलं, "पप्पा, काय झालं?" त्यांनी तोंड उघडलं आणि आतून फक्त "तो... तो... तो..." असं आलं. अॅम्ब्युलन्स लगेच आली म्हणून जीव वाचला. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला होता. हाताला, पायाला हळूहळू ताकद येईल, असं डॉक्टर म्हणाले. वाचेचं मात्र सांगता येत नव्हतं. त्यांना सगळं कळतं, माणसं ओळखू येतात, मनात वाक्य तयार असतं, पण शब्द सापडत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं.

घरी आणल्यावर पाय सुधारला. काठी घेऊन ते खोलीतून हॉलमध्ये येऊ लागले. पण खाली उतरायला तयार होईनात. बाकावरच्या मंडळींनी हाक मारली आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही तर, ही भीती त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायची. घरातही त्यांच्या तोंडून "तो" सोडून काही निघत नव्हतं. पाणी हवं, "तो". पंखा बंद करा, "तो". आम्ही चुकीची वस्तू आणली की ते मान फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. ज्या घरात एका माणसाचं बोलणं कधी थांबेल याची वाट बघायचो, त्या घरात आता टीव्ही सतत चालू ठेवायला लागलो. शांतता सोसत नव्हती.

स्पीच थेरपिस्ट मिस लिम मन लावून काम करायची, पण तिच्याकडची चित्रं आणि शब्द इंग्रजीत. प्रियदर्शिनी सुट्टी काढून शेजारी बसायची आणि मराठीत सांगायची. "पप्पा, हे काय आहे? कप. म्हणा, कप." पप्पा कपाकडे बघत राहायचे. आयुष्यभर माइकवर बोललेल्या माणसाला लेकीनं कप म्हणायला शिकवायचं, ही लाज त्यांना खात होती. एकदा त्यांनी चित्रांचा गठ्ठा डाव्या हातानं बाजूला सारला.

मिस लिमनं विचारलं, "आधी ते कशाबद्दल बोलायचे?"

प्रियदर्शिनीनं मम्मींना मराठीत विचारलं. मम्मी वैतागून म्हणाल्या, "दुसरं काय? एकोणीसशे अकरा!"

"मग घरी तेच बोला," मिस लिम म्हणाली. "त्यांना ऐकू द्या."

शनिवारी दुपारी जेवताना मम्मींनी ते मनावर घेतलं. अवनीला भात वाढता वाढता त्यांनी सुरुवात केली, "तुला माहितीये का, १९११ साली आपली टीम इंग्लंडला गेली. बोटीनं. राजा कॅप्टन होता. तो फार छान खेळला."

पप्पांचा चमचा थांबला.

"मग त्यांची मॅच झाली, ते हे... सॉमरसेट म्हणून गाव आहे, त्यांच्याशी. आपले लोक हरायलाच आले होते. तेवढ्यात बाळू आला आणि त्यानं शेवटपर्यंत बॅटिंग करून सेंच्युरी मारली."

"शी..." पप्पा म्हणाले.

आम्ही सगळे दचकलो. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा "तो" सोडून काहीतरी आलं होतं. मम्मी घाईनं उठल्या. "अहो, थांबा, थांबा! रत्नदीप, जरा हात द्या, त्यांना बाथरूमला जायचंय."

मी उठलो. पप्पांनी माझा हात झटकला. चेहरा लाल झाला होता. "शी... शि... शि..."

"आजोबा need toilet lah," अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

पप्पांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. आमटीची वाटी उडाली. "शि-व-राम!"

मग तेच पुन्हा म्हणाले, या वेळी सलग. "शिवराम! बाळू नाही. शिवराम!"

सॉमरसेटविरुद्ध शेवटच्या डावात शतक बाळूंनी नाही, त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यानं काढलं होतं, आणि एकच गडी शिल्लक असताना संघ जिंकला होता. ते मला माहीत होतं, प्रियदर्शिनीला माहीत होतं. एवढी वर्षं ऐकून फक्त मम्मींनाच माहीत नव्हतं. प्रियदर्शिनी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मम्मी आमटीनं भरलेल्या साडीकडे न बघता नवऱ्याकडे बघत होत्या.

"बरं बाई, शिवराम," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि राजा? तो तर शेवटपर्यंत होता ना टीमबरोबर?"

"ना... नाही! गे... गेला!"

त्या दिवसापासून मम्मींनी रोज चुका करायला सुरुवात केली. पहिली चूक खरी होती, बाकीच्या ठरवून केलेल्या. बाळू उजव्या हातानं बोलिंग करायचा म्हणाल्या. "डावा!" सगळ्या मॅच जिंकल्या म्हणाल्या. "हरले! ह-र-ले!" एकदा तर दौरा ऑस्ट्रेलियाचा होता म्हणाल्या, तेव्हा पप्पांनी अख्खं वाक्य जोडलं, "तुला... काय... कळतं?" ते ऐकून मम्मी बेडरूममध्ये जाऊन एकट्याच हसत बसल्या. एका शब्दाचे दोन झाले, दोनाचं वाक्य झालं. प्रियदर्शिनीनं मिस लिमला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, थांबू नका, पण रोज एखादी गोष्ट बरोबरही सांगा, नाहीतर ते चिडून दमतील. मग बरोबर काय ते सांगता यावं म्हणून मम्मींना पहिल्यांदाच सगळं नीट विचारून घ्यावं लागलं, आणि ते पप्पांनाच विचारावं लागलं. स्वयंपाकघरात दोघांची ती शिकवणी चालायची. एकेका नावासाठी पप्पा डोळे मिटून वाट बघायचे, आणि मम्मी हातातलं काम सोडून त्यांच्याबरोबर थांबायच्या.

जूनमध्ये ते खाली उतरले. काही शब्द अजून निसटतात. अवनीला कधीकधी तिच्या आईच्या नावानं, प्रिया म्हणतात, मंगळवार आणि शुक्रवार यांची अदलाबदल होते. बाकावरच्या मिस्टर कोह यांनी "लाँग टाइम नो सी!" म्हणत हात पुढे केला. पप्पांनी काठी मम्मींकडे दिली, हात मिळवला आणि म्हणाले, "येस. आय वॉज... बिझी."

त्या दिवशी आम्ही सगळेच जेवायला हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात गेलो. चहाच्या स्टॉलसमोर रांग होती. मी ऑर्डर द्यायला निघालो, तर पप्पांनी मला खुणेनं मागे थांबवलं आणि काउंटरपाशी स्वतः गेले.

"तेह," चहासाठीचा इथला शब्द ते अगदी खणखणीत म्हणाले.

"कोसोंग!" मागून मम्मींनी जोडलं. कोसोंग म्हणजे बिनसाखरेचा; पप्पांची साखर बंद होती ना.

पप्पा गर्रकन वळले. "मी बोलतोय ना!"

"बोला, बोला," मम्मी म्हणाल्या. "बोला तुम्ही."

स्टॉलवरच्या अंकलला मराठीतलं काही कळलं नाही, पण तो हसला आणि त्यानं चहा बिनसाखरेचाच दिला.