देवाच्या नावावरचा बोअर

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी नांदेडला संशोधन सुरू केलं होतं. विषय होता कायद्याचं अर्थशास्त्रीय विश्लेषण. कायदा पाळताना किंवा मोडताना माणूस मनात काय तोलतो, सापडण्याची भीती किती धरतो, आणि त्यावरून कायदा कसा असावा, हे या शाखेत तपासतात.

दुष्काळाचं वर्ष होतं. उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा होती. तोवर अधिकारी लातूरहून यायचे, म्हणजे क्वचितच यायचे. जिल्हा झाला तर ते गावातच बसणार होते. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "साहेब जवळ येणार म्हटल्यावर लोक काय बदलतात, ते बघून या."

उदगीरला खोली मिळाली ती एका भुसार दुकानदाराच्या घरी. त्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांच्या अंगणात बोअर होता. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक विहीर होती. ती आटली होती, पण तिच्या इतक्या जवळ बोअर पाडायला कायद्याने बंदी होती. अप्पांना हे माहीत होतं, गल्लीलाही माहीत होतं. आणि सगळी गल्ली त्याच बोअरचं पाणी पीत होती.

सकाळी अप्पांच्या पत्नी, काकू, दारात उभ्या राहून घरटी दोन घागरी देत. कुणी तिसरी पुढे केली की म्हणत, "म्हशी धुतीस का गं घरात?" घरात बाळंतीण असली तर तिसरी न मागता मिळे. मग त्या मोटार बंद करत. दुसऱ्या दिवसापर्यंत बोअरमध्ये पाणी पुन्हा चढे.

मी घरोघर विचारत फिरलो: जिल्हा झाल्यावर असे बोअर बंद होतील असं वाटतं का? काही दिवसांत मला पाहून दारं लागू लागली. सर माहिती काढायलेत, असं पानाच्या टपरीवर बोललं गेलं. सर विचारतात म्हणजे बोअर बंद होणार, असा लोकांनी अर्थ लावला होता.

अप्पा एकदा खोलीत आले.

"खरं सांगा सर, सील लावतेत का?"

"मला माहीत नाही, अप्पा. मी विद्यापीठाचा माणूस. सरकारचा नाही."

"मग विद्यापीठ कुणाचं हाय?"

त्याच आठवड्यात अप्पांनी बोअरभोवती ओटा बांधला. ओट्यावर महादेवाची पिंड बसवली आणि बोअरची नळी पिंडीवरून काढली. "देवाला कोण सील लावतंय?" ते म्हणाले.

"आता नोटीस आली तर महादेवाच्या नावानं येईल," शेजारी म्हणाला. पुष्कळ दिवसांनी गल्ली हसली.

थोड्याच दिवसांत पांढरी जीप आली. गल्ली एकदम रिकामी झाली. काकू घाबरल्या की कानडीत बोलत. दाराच्या कडीला धरून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. साहेब उतरले, पिंड पाहिली, बूट काढले, तीर्थ घेतलं. टँकर वळवायला जागा कुठे आहे, एवढंच विचारून निघून गेले. अप्पा पायरीवर बसले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्या दिवसापासून देवाचं पाणी म्हणून गावभर झालं. दुसऱ्या गल्ल्यांतून माणसं आली, ऑटोत ड्रम घालून आली. काकू दारात उभ्या राहिल्या. "दोनच घागरी."

ड्रमवाला हात जोडून म्हणाला, "काकू, देवाचं पाणी तुम्ही मोजून देणार? पाप लागंल."

काकूंचा हात मोटारीच्या बटणावर होता. तो खाली आला. पुन्हा त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही; मोटार दिवसरात्र चालू राहिली. जीप निघून गेल्यावर कायद्याची भीती ओसरली होती. ही भीती मात्र त्यांच्याबरोबर रोज सकाळी उठत होती. स्वयंपाकाच्या पाण्यासाठीसुद्धा त्या स्वतः रांगेत उभ्या राहून घागर भरू लागल्या.

आधी पाणी दुधासारखं पांढरं यायला लागलं. मग ते तुटून तुटून येऊ लागलं आणि मधल्या वेळात नळी नुसती फुसफुसे. मी अप्पांना म्हटलं, "मोटारीला विसावा द्या. खाली पाणी उरलं नाही."

"तुम्ही करा बंद."

बटण माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी देवधर्म करणाऱ्यांतला नाही. पण अंगणापासून विहिरीपर्यंत माणसं उभी होती आणि सगळी माझ्या हाताकडे पाहत होती. मी हात खिशात घातला.

जिल्हा त्या वर्षी झाला नाही. बोअरला सील लावायला कुणीही आलं नाही.

एका सकाळी मोटारीचा आवाज बदलला. काकूंनी नळीला कान लावला, मग अप्पांकडे पाहिलं आणि हळू म्हणाल्या, "नीरु इल्ला." पाणी नाही. एव्हाना तेवढं कानडी मला कळत होतं. रांगेतल्या कुणाला ऐकू गेलं नाही. पुढच्या बाईने घागर नळीखाली सरकवली.

काकूंनी अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी माझ्याकडे. मोटार चालूच होती.